जनाची दुरुस्ती

सोमवार, ६ डिसेंबर १९४८

कोऱ्या पाना, क्षमा असावी. चारचौघांत जिला तोंड उघडवत नाही तिने शाई नासू नये, हे मला कळते. सातवीच्या फायनल परीक्षेत जिल्ह्यात पहिली आले, वडिलांच्याच शाळेत साहाय्यक शिक्षिका झाले. तरी वर्गाबाहेर माझा आवाज कोणी ऐकलेला नाही. तुझ्याशी बोलते, कारण तू उलट बोलत नाहीस.

दादा — माझे वडील आणि शाळेचे मुख्याध्यापक — आज वर्तमानपत्र घेऊन सातवीच्या वर्गात आले. दिल्लीच्या घटना समितीने मसुद्याचे सतरावे कलम संमत केले : वेठबिगार यापुढे गुन्हा! दादांनी ते अशा थाटात वाचले, की कलम जणू त्यांच्याच दौतीतून उतरले. मग विचारले, "वेठ म्हणजे काय रे?"

पोपट म्हणाला, "फुकटात राबवणं, गुरुजी."

"शाबास!"

तेवढ्यात ठाकूरवाडीची जना दारात आली. केसांत काटक्या. सोमवारची मोळी आमच्या मागल्या दारी टाकून आली होती. वाडीच्या मुलांनी दर सोमवारी मास्तरांच्या घरी मोळी टाकायची, हा शाळेइतकाच जुना रिवाज. दादा त्यास गुरुदक्षिणा म्हणतात.

"उशीर का गं?" — हेही त्यांनी तिलाच विचारले!

गुरुवार, ९ डिसेंबर

येत्या सोमवारी शाळेत 'बालघटना समिती' भरायची आहे. खालापूरचे पुढारी आबाजीराव अध्यक्ष. प्रत्येक मुलाने मसुद्यास एक दुरुस्ती सुचवायची. मी वर्गाला समजावले : कलम पक्के होण्यापूर्वी त्यात शब्द घालता येतो, गाळता येतो; अशाच दुरुस्त्यांनी हक्क वाढत जातात. सभासद कोणीही असो, त्याला उभे राहून बोलता येते.

जनाने विचारले, "कुनी बी, बाई?"

"कोणीही." किती सहज बोलून गेले मी!

आलेल्या दुरुस्त्या — गणित रद्द व्हावे; छडी रद्द व्हावी; पोपटाच्या मते प्रत्येक नागरिकास सायकलचा मूलभूत हक्क. दादांनी गणित आणि छडी खोडली, सायकल ठेवली. पोपटाचे वडील शाळा समितीवर आहेत.

शुक्रवार, १० डिसेंबर

दादांनी समारंभाचा कोट उन्हात घातला. कुबट वास येतो. भाषणालाही येईल.

सोमवार, १३ डिसेंबर

आबाजीराव दोन तास उशिरा आले, पोहे दोनदा घेतले, आणि पाऊण तास स्वातंत्र्यावर बोलले. तेवढा वेळ एकाही मुलाला पाण्यासाठी उठू दिले नाही.

पोपटाच्या सायकलीला टाळ्या पडल्या. मग जना उठली. हातात कागद नव्हता.

"सतराव्या कलमात घाला — मास्तराच्या घरची मोळी बी वेठच हाय. सोमवारचा पयला तास मी कदी बघला नाय."

आबाजीराव पोट धरून हसले. "काय मास्तर, घटना तुमच्या चुलीपर्यंत आली की!"

दादाही हसले. कान मात्र लाल झाले होते.

मंगळवार, १४ डिसेंबर

जनाचे नाव पटावरून काढले! शेरा : उद्धट वर्तन. फायनलच्या अर्जाची मुदत एकतीस तारखेपर्यंत. पटावर नाव नाही, तर अर्जही नाही. वाडीतून सातवीपर्यंत पोचलेली ही पहिलीच मुलगी.

जेवताना धीर करून म्हटले, "दादा, ती पहिली येईल."

"येवो की. दुसऱ्या शाळेतून येवो." दुसरी शाळा सहा मैलांवर! पुढे म्हणाले, "तू यात पडू नकोस. तुला बोलता येत नाही, हेच तुझे भूषण."

आणि भूषणाने त्यांना आणखी आमटी वाढली.

शनिवार, १८ डिसेंबर

अलिबागच्या जिल्हा स्कूल बोर्डास मोळीच्या तक्रारीचे पत्र लिहिले. चौथा खर्डा. वाक्ये उत्तम बांधली आहेत. 'मुख्याध्यापक' हा शब्द नऊ वेळा आला. खाली सही : एक हितचिंतक.

रविवार, १९ डिसेंबर

जनाच्या आईची, कोंडीची, संमती हवी, म्हणून वाडीवर गेले. कोंडी नाचणी पाखडत होती. पत्र वाचून दाखवले. तिने सूप थांबवले नाही.

"मास्तराचा नाव हाय. आन तुजा?"

"माझे कशाला?"

"मोळी कोन घ्याचा गं बाय? मास्तर कदी मागल्या दारी आला? तूच उतरवून घेतलीस. पावसात पोर भिजून आली, तवा बोललीस — ओली हाय, परत ने, सुकी आन."

तिच्या तोंडी माझे वाक्य ऐकेपर्यंत ते माझे आहे हे मला स्मरतही नव्हते! त्या दिवशी धुराने माझे डोळे चुरचुरले होते, वाचन अडले होते. पोर तशीच टेकडी चढून परत गेली असेल.

जना खाली बघत म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं आये. बाई शिकवतं चांगला."

दादांना इतकी वर्षे हसत आले — कोटाला, शेऱ्यांना, गुरुदक्षिणेला. चूल कोण पेटवत होते?

सोमवार, २० डिसेंबर १९४८

पत्र नव्याने लिहिले. मोळ्या घेणारे दोघे : मुख्याध्यापक, माझे वडील, आणि मी, साहाय्यक शिक्षिका. जनाचे नाव पटावर परत घ्यावे, तिचा अर्ज मुदतीत घ्यावा. दोषी म्हणून चौकशी आम्हा दोघांची व्हावी. खाली माझे पूर्ण नाव.

कर्जतच्या पोस्टात स्वतः टाकले — आज, सोमवारच्या पहिल्या तासाला, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी.