लोटूभाऊने घेतलेली बॅट

लिंबायत, सुरत
९ फेब्रुवारी १९७५

चि. पंडित यास,

भिकनदादाचा आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत. आईचे गुडघे कसे आहेत ते कळव. तुझ्या वहिनीने तिच्यासाठी तेल पाठवलं होतं, ते पोचलं की नाही हेही तू कळवलं नाहीस. सहा वर्षांत तुझी दोन पत्रं आली, त्यातली एक लग्नपत्रिका. असो, तक्रार करायला बसलेलो नाही.

पत्राचं कारण वाचून तुला हसू येईल. मी पुन्हा टेबल टेनिस खेळायला लागलोय. वय चौतीस, पोट सुटलेलं, डावा डोळा काचेचा, आणि म्हणे खेळतोय. पण कामगार केंद्रात ते हिरवं टेबल अजून आहे आणि माझे पाय तिकडे वळले. आता बॅट घ्यायची आहे आणि त्यातलं कळतं ते तुला. आपण दोघं डबल्स खेळायचो तेव्हाही रबर तूच बसवायचास, सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून. मी एकदा घाईत ताण्याला लावायच्या खळीनेच चिकटवलं, तर दुसऱ्या गेमला रबर सुटून पंचाच्या मांडीवर जाऊन पडलं. तू टेबलाखाली बसून हसला होतास.

मागच्या रविवारी भागळच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने काचेवर चार बॅटी मांडल्या. एक जपानी पद्धतीची, आखूड मुठीची, स्पंजवाली. एक नुसत्या दाणेदार रबराची. एक जाडजूड. चौथी पोरांची. मला काही ठरवता येईना. एका डोळ्याने चेंडू किती लांब आहे हेच कळत नाही रे. वाटतं अजून हातभर आहे, आणि तो छातीवर येऊन आपटतो. पहिल्या दिवशी मी पंधरा वेळा हवेत बॅट फिरवली. पोरं हसली. एकाची कॉलर धरून त्याला भिंतीला लावलं आणि मग सोडलं. राग गेलेला नाही, हे तुला मी सांगायला नको. तर मूठ कशी घ्यावी, वजन किती, रबर कोणतं, नीट लिही.

दुकानात माझ्याबरोबर लोटूभाऊ होता. आपला जॉबर, माग लावून देणारा, ज्याच्या हाताखाली कारखान्यातले सोळा माग चालायचे तो. आता केंद्रात झाडू मारतो, संध्याकाळी हॉल उघडतो, टेबलाला जाळी बांधतो. उजवा पाय ओढतो, डाव्या कानाने ऐकू येत नाही. मला खेळायला त्यानेच बोलावून नेलं. चार महिने रोज घरी येऊन बसायचा, चहा घ्यायचा आणि म्हणायचा, चल रे, एकदा हातात तर धर.

दुकानात त्याने एकेक बॅट चांगल्या कानाशी धरून बोटाने वाजवून बघितली. मी खिशात हात घातला तर त्याने मनगट पकडलं. म्हणाला, "तुना डोया मन्हामुये गया, भिकन. बॅट मीच लिसू." मी बॅट घेतलीच नाही. काम आठवलं म्हणून बाहेर पडलो आणि दुकानामागच्या भिंतीवर मूठ हाणली. चार दिवस हात सुजला होता, म्हणून पत्राला उशीर.

पंडित, सहा वर्षं हा माणूस समजतोय की त्याने लावलेल्या मागावरून लोखंडी टोकाचा धोटा उडाला आणि माझ्या डोळ्यात शिरला. सगळा कारखाना तेच समजतो, कारण मी तसं सांगितलं. डोळ्यावर हात, बोटांतून रक्त गळतंय, आणि मी ओरडलो, "धोटा उडाला." धोटा उडाला की माग आपोआप थांबतो. आपल्या पुढचा माग बंदच होता, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. पण धोटा उडाला नव्हता. तू तो मागातून उचललास आणि हातभर अंतरावरून माझ्या तोंडावर फेकलास. हे तुझ्या-माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही.

मला जमिनीवर आडवं केलं होतं तेव्हा पलीकडच्या रांगेत लोटूभाऊला मारत होते. छगन, सुकदेव, सगळे आपलेच. मागाचे दांडे काढून घेतले होते. तो आधी ओरडत होता की मी सकाळीच पट्टा तपासला, धोट्याची पेटी तपासली. मग त्याचं ओरडणं थांबलं आणि नुसते फटके ऐकू यायला लागले, ओल्या गोणीवर मारल्यासारखे. मी शुद्धीत होतो. माझा एक शब्द पुरला असता. मी तोंड उघडलं नाही, कारण उघडलं असतं तर तेच दांडे तुझ्याकडे वळले असते.

आता मला हे लोटूभाऊला सांगायचं आहे. तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही. उत्तर लवकर दे, आणि बॅटचंही लिही.

तुझा,
भिकनदादा


चोपडा
१९ फेब्रुवारी १९७५

ती. दादास,

पंडितचा नमस्कार. आई बरी आहे. तेल पोचलं.

बॅटचं असं आहे. स्पंजची घेऊ नकोस. तिच्यावरून चेंडू फार जोरात सुटतो आणि समोरच्याने तसाच परत मारला तर तुला दिसणार नाही. दाणेदार रबर घे, खाली स्पंज नसलेलं. त्याच्यावर चेंडू संथ चालतो, तुझ्या एका डोळ्याला वेळ मिळेल. वजनाने हलकी घे. आखूड मुठीची नको, पेन धरल्यासारखं खेळायचं आपलं वय गेलं. लांब मूठ घे आणि चारी बोटांनी धर. टेबलापासून दोन पावलं मागे राहा. मान थोडी डावीकडे वळवून उभा राहिलास तर चांगला डोळा मधोमध येईल. जोर लावू नकोस, चेंडू खालून कापून परत दे.

बॅटच्या कडेला जाड कापडाची पट्टी चिकटवून घे. दुहेरी. लाकूड उघडं ठेवू नकोस.

दादा, तू धोट्याचं सगळं लिहिलंस. बोटाचं लिहिलं नाहीस. माझ्या उजव्या हाताची करंगळी अजून वाकत नाही. कापसाच्या जिनिंगमध्ये पोतं उचलताना ती बाहेर राहते आणि कशात तरी अडकते. आई विचारते तेव्हा मीही मागाचंच नाव सांगतो. आपण दोघांनी त्या मागावर किती लादलं.

लोटूभाऊला सांगू नकोस. त्याचं वाईट मलाही वाटतं, पण ते लोक मला जिवंत सोडणार नाहीत. माझ्याकडे आई आहे, बायकोला सातवा महिना आहे. तू मला तेव्हा वाचवलंस असं म्हणतोस, तर मग वाचू दे.

तुझा,
पंडित


लिंबायत, सुरत
५ मार्च १९७५

चि. पंडित यास,

आशीर्वाद. तू सांगू नकोस म्हणालास आणि मी सांगून टाकलं. चिडू नकोस असं म्हणणार नाही. चीड.

झालं असं. तुझं पत्र आलं तेव्हा लोटूभाऊ ओट्यावरच बसला होता. बॅटचा मजकूर त्याला वाचून दाखवला, पुढचं घडी घालून खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो भागळला जाऊन तू लिहिली तशीच बॅट घेऊन आला, दाणेदार, हलकी, लांब मुठीची. कडेला पट्टी त्याने स्वतः चिकटवली. अशी सफाईने, की कुठे जोड दिसू नये. जॉबरचा हात आहे तो.

शनिवारी संध्याकाळी पोरं गेल्यावर हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो. तो पलीकडून हळूहळू चेंडू टाकत होता. तू सांगितलं तसा मी मान वळवून उभा राहिलो आणि ओळीने नऊ चेंडू परत दिले. नववा गेला तेव्हा तो टेबलावर हात टेकून रडायला लागला. म्हणाला, आता माझं पाप थोडं फिटलं. पंडित, याच्यापुढे मला गप्प राहता आलं नसतं. तुलाही आलं नसतं.

मी सांगितलं. त्याच्या उजव्या कानाशी जाऊन, मोठ्याने. आधी तुझं बोट सांगितलं. तू मला म्हणालास, "बडोद्याच्या स्पर्धेला मी छगनबरोबर खेळणार, तुझ्याबरोबर नाही, कारण तू मारतोस." आणि मी मारत होतोच. तुझा एक चेंडू चुकला की पेरांवर बॅटची कड. चार वर्षं. पोरगा सुधारतो असं मी लोकांना सांगायचो. त्या दिवशी बॅट पिशवीत होती. मी ती काढली, तुझा हात बंद मागावर दाबून धरला आणि कडेने मारत राहिलो, करंगळी मोडल्याचं हाताला कळलं तरी. मग धोटा सांगितला. मग मी काय ओरडलो ते सांगितलं, आणि दांड्यांचा आवाज ऐकत पडून राहिलो होतो तेही.

त्याने मग विचारलं, "मन्हा माग बराबर व्हता?"

मी म्हणालो, "व्हता."

"परत सांग."

"तुना माग बराबर व्हता, लोटूभाऊ."

"मी सपनमा बी तो माग खोलस," तो म्हणाला. "पट्टा दखस, पेटी दखस. चूक काई सापडनी नही."

मग त्याने माझ्या हातातली बॅट घेतली आणि मारायला सुरुवात केली. पहिला फटका गालावर, दुसरा कानशिलावर, मग मी मोजले नाहीत. ओठ फाटला, एक दात हलतोय, काचेचा डोळा निखळून टेबलाखाली गेला. तो डावीकडून मारत होता, तिकडचं मला दिसत नाही, म्हणून मी डोकं मागे घेत नव्हतो. त्याला वाटलं मी मुद्दाम खातोय, म्हणून तो थांबला. मी तेवढा मोठा माणूस नाही. मला दिसलं असतं तर मी पळालो असतो, किंवा उलट त्यालाच मारलं असतं. त्या लंगड्या माणसाला. माझी मूठ वळलेलीच होती.

त्याने टेबलाखाली वाकून डोळा शोधला, धोतराला पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. म्हणाला, "पंडितले बलाव. ज्यासनी माले मारं त्यासना म्होरे तुम्ही दोन्ही भाऊ सांगा." त्याला नोकरी परत नको आहे, भरपाई नको आहे. माग बरोबर होता एवढं त्या लोकांनी ऐकायला हवं. रविवार, १६ मार्च, सकाळी दहा वाजता, कारखान्याच्या दारात. तोपर्यंत तो कोणाला काही बोलणार नाही. त्याने शब्द दिलाय आणि तो पाळेल.

तुला काही होणार नाही असं मी लिहिणार नाही. ते आपल्याला मारतील. ज्या हातांनी निर्दोष माणसाला मारलं, त्या हातांची लाज ते आपल्यावरच काढणार. छगन तर पहिला येईल. तू आला नाहीस तरी मी दहा वाजता तिथे उभा असेन आणि सगळं एकट्याने सांगेन. बायकोच्या दिवसांचं कारण खरं आहे, मी त्याला खोटं म्हणणार नाही. पण मला वाटतं तू यावंस. लोटूभाऊसमोर ते आपण दोघांनी मिळून म्हटलं पाहिजे.

लोक विचारतील की सख्ख्या भावाने धोटा का फेकला. बोट मोडलं म्हणून फेकला असं लोटूभाऊला मी सांगितलं, आणि तुझ्या पत्रातही तेवढंच आहे. तू बाकीचं लिहिलं नाहीस. आईपाशी बोलला नसशील, बायकोपाशीही नाही. तू माझी अब्रू राखलीस की तुला ते आठवायचंच नाही, मला माहीत नाही. मला मात्र आठवतं.

बोट मोडल्यावर मी थांबलो नव्हतो. शेजारचा माग चालू होता. मी तुझे केस धरले आणि तुझं तोंड त्या मागाच्या, धोट्याला टोला हाणणाऱ्या दांड्यापुढे नेत होतो. तू माझ्या हाताला चावत होतास, दादा दादा म्हणत होतास, आणि मला ऐकू येत होतं. वीतभर राहिलं होतं. तेव्हा तुझ्या डाव्या हाताला बंद मागातला तो धोटा सापडला.

तू फेकला नसतास तर मी थांबलो नसतो. हे मी रविवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे, पण त्याआधी तुला लिहायला हवं होतं. माझा डोळा तू घेतला नाहीस. त्या दिवशी मला खुनी होण्यापासून कोणी अडवलं असेल तर तू.

तुला दादा म्हणायला लावणार नाही. नुसता,

भिकन