त्रेचाळीस खिसे

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंदा शिंपीकाम, हे मृत्युपत्र माझ्या दुकानात, कापायच्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. मन तेवढे शांत नाही, पण कायद्यात तशी अट नाही. कोणी जबरदस्ती केलेली नाही, कोणी फूस लावलेली नाही, आणि या वेळी चष्मा डोळ्यांवर आहे.

या कागदात कोणाचेही नाव येणार नाही. नावे आणि पत्ते वेगळ्या कागदावर लिहून तो नोंदणी कचेरीत दिला आहे. नावे न लिहिण्याची मला छत्तीस वर्षांची सवय आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. एकच होते. त्यात सगळे मुलीला दिले होते.

कलम १. आमच्या ट्रस्टची हकिगत इथे लिहितो, कारण पुढचे काहीच तिच्याशिवाय कळणार नाही. छत्तीस वर्षांपूर्वी मी आणि माझी पत्नी (आता हयात नाही) यांनी हा ट्रस्ट काढला. काम एकच. ज्यांना गणवेश परवडत नाही त्या मुलांना तो शिवून द्यायचा, म्हणजे त्या कारणाने कोणी शाळा सोडू नये. पुढे वह्या आल्या, मोठ्या मुलांची फी आली. नियम मात्र पत्नीने पहिल्याच दिवशी घातला. कोणाचा गणवेश फुकटचा आहे हे वर्गात कोणालाही ओळखता येता कामा नये.

त्यासाठी मी सगळ्या शाळेची मापे घेत असे. प्रत्येक मापाला क्रमांक, नाव नाही. कोणते क्रमांक आपले, म्हणजे फुकट गणवेशाचे, ते वर्गशिक्षक चिठ्ठीवर कळवत. कापड एकाच ताग्यातले, टाका तोच, बटण तेच, पावतीसुद्धा सगळ्यांना सारखीच. आईबापांनी पोराला सांगायचे की नाही, हा त्यांचा प्रश्न. एकदा एका दात्याने मुलांचे फोटो मागितले, तेव्हा पत्नीने त्याला चहा पाजून, दारापर्यंत सोडून, त्याची देणगी त्याच्या हातात परत दिली होती.

कलम २. माझ्याशिवाय ट्रस्टचे विश्वस्त तीन. सचिव म्हणजे वकीलसाहेब, अध्यक्ष म्हणजे शाळेच्या सध्याच्या मुख्याध्यापिका, आणि खजिनदार म्हणजे कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार. तिघेही याच गल्लीत वाढलेली मुले, माझ्या मुलीच्या बरोबरीची. तिघांची नाके पुसली आहेत मी. त्यांनी केसाने गळा कापला, हे मी पूर्ण विचार करून लिहीत आहे.

यंदा शाळा सुरू होण्याआधी माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. पट्टी असताना मुलगी एक कागद घेऊन आली. मी विचारले कशाचा. ती म्हणाली, "नेहमीचाच आहे बाबा, कापड खरेदीचा ठराव." माझे बोट धरून तिने रेघेवर ठेवले. मी सही केली. तिच्यावर नाही विश्वास ठेवायचा तर कोणावर? ठराव कापड खरेदीचा नव्हता. एका कारखानदाराने मुलांसाठी अभ्यासिका बांधून द्यायचे कबूल केले होते, आणि बदल्यात ट्रस्टच्या गणवेशांवर त्याच्या कारखान्याचे चिन्ह हवे होते. मला सांगितले असते तर मी नाही म्हटले असते. हे चौघांनाही माहीत होते, म्हणून सांगितले नाही.

कलम ३. मला कसे कळले तेही लिहून ठेवतो. शाळा सुरू होऊन दोन महिने झाले होते. दुपारी नववीतली एक मुलगी दुकानात आली. ट्रस्ट माझा आहे हे तिला ठाऊक नव्हते. वही छातीशी घट्ट धरली होती. वही बाजूला केली तर खिशावर निळ्या दोऱ्यात भरलेला बिल्ला.

"आजोबा, हे काढून द्याल का? खालचं कापड खराब न होता?"

मी म्हटले, चांगला दिसतोय की, काय आहे हा?

"ज्यांना फुकट मिळतो ना, त्यांनाच असतो हा," ती म्हणाली.

मी कापड उलटे केले. टाके उजवीकडे झुकलेले होते. साऱ्या गल्लीत डावखुरी शिवणारी एकच आहे, माझी मुलगी. सुरुवातीला एक पुरत असताना ती दोन गाठी मारते, तेही मीच शिकवले, ती सात वर्षांची असताना, याच टेबलावर बसवून. बिल्ला मी उसवला. त्या पोरीने विचारले, किती झाले? मी नेहमीचा दर सांगितला आणि पैसे घेतले. जीव तुटत होता, पण घेतले. फुकट करून दिले असते तर त्या पोरीला मीही पुन्हा फुकटवालीच केले असते.

टाके उसवायची माझी छोटी कात्री तिला द्यावी. ती कोण, हे फक्त दुकानाच्या कपड्यांना इस्त्री करणाऱ्या इस्त्रीवाल्या मावशींना माहीत आहे. त्यांनी ती कात्री तिच्या गणवेशाच्या घडीत ठेवून द्यावी आणि काही बोलू नये.

कलम ४. रात्री जेवताना मी मुलीपुढे तो बिल्ला ठेवला. ती रडली नाही, नाकबूलही झाली नाही. म्हणाली, "बाबा, चाळीस मुलांना बसायला जागा मिळत होती. एका बिल्ल्याचं काय एवढं?" तिचे सगळेच चूक आहे असे मी म्हणत नाही. पोरे जिन्यात बसून अभ्यास करतात, ते मलाही दिसते. पण ज्या पोरीला वही छातीशी धरून चालावे लागते, ती त्या अभ्यासिकेत कशी बसणार?

म्हणून दुकानावरच्या माझ्या दोन्ही खोल्या अभ्यासिकेसाठी ट्रस्टला देतो. मधली भिंत पाडावी. खिडकीजवळची जागा पहिल्या येणाऱ्याला, देणगीदाराच्या पुतण्याला नव्हे. दारावर पाटी नको, माझीही नको. कारखानदाराला त्याचा चेक परत करावा. चहा पाजावा, ही पद्धत आहे आपली. कोणत्याही कपड्यावर, वहीवर किंवा भिंतीवर देणाऱ्याची खूण उमटली, तर खोल्या ट्रस्टकडून काढून शाळेला द्याव्यात.

बँकेतली माझी शिल्लक मोठ्या मुलांच्या फीसाठी. ती फार नाही, पण दोघांची बारावी होईल.

कलम ५. वकीलसाहेबांचा काळा कोट माझ्याकडे शिवायला आहे. एक बाही लागली आहे, दुसरी कापून ठेवली आहे. आहे तसा परत द्यावा. ट्रायलच्या वेळी, ठरावाच्या दुसऱ्याच आठवड्यात, याच आरशासमोर उभे राहून त्यांनी मला ट्रस्टचे कसे उत्तम चालले आहे ते सांगितले होते, आणि मी तोंडात टाचण्या धरून माना डोलावल्या होत्या.

मुख्याध्यापिकाबाईंना काहीही नाही. त्या रोज प्रार्थनेला उभ्या राहतात, बिल्ला लावलेले त्रेचाळीस खिसे त्यांच्यासमोर असतात. त्यांना दिसले नाहीत असे कसे म्हणू? खजिनदारांनी ठरावाला नुसते अनुमोदन दिले. ते लहानपणापासून अनुमोदनच देत आले आहेत, त्यांना माझी छत्री द्यावी.

कलम ६. दुकान, दोन पायमशिना, शिलाईचे सगळे सामान आणि गिऱ्हाईक हे मुलीला मिळेल, पण एका अटीवर. आमच्या धंद्यात ज्याने चुकीचा टाका घातला त्यानेच तो उसवायचा असतो, दुसऱ्याने हात लावायचा नसतो. सही माझी होती, म्हणून पहिला बिल्ला मी उसवला. उरले बेचाळीस. सुट्टीत काजे-बटणे तपासायच्या निमित्ताने मी सगळ्या शाळेचे गणवेश मागवून घेतले, म्हणजे ते बेचाळीस त्यांत मिसळून आले. मागच्या दांडीवर टांगले आहेत. शाळा उघडायच्या आत ते तिने स्वतः उसवावेत. इस्त्रीवाल्या मावशी प्रत्येक खिसा पाहून खात्री करतील. नाही झाले तर मी उसवीन, आणि दुकान ट्रस्टला जाईल. एकुलती एक मुलगी आहे, हे मला आठवण करून द्यायची गरज नाही.

आज सकाळी पाहिले तर पाच बिल्ले निघाले होते.

कलम ७. मापांच्या जुन्या वहीविषयी. कपाटात खालच्या फळीवर आहे, मेणकापडात बांधलेली. नावे नाहीत तिच्यात, पण शिंप्याला नाव लागत नाही. माणूस वाढतो, सुटतो, वाकतो, पण एका खांद्याचा दुसऱ्यापेक्षा कमी असलेला उतार जन्मभर तसाच राहतो.

माझ्या तीन विश्वस्तांपैकी एकाचे माप त्या वहीत आहे. पुढे आपला म्हणून खूण केलेला क्रमांक आहे. सलग सहा वर्षे. आईबापांनी सांगितले नाही, आणि आम्ही तर सांगणारच नव्हतो. गेले दोन महिने हे माझ्या जिभेवर आहे. भर बैठकीत उठून बोट दाखवावे असे हजारदा वाटले. नाही दाखवणार. त्या मुलाच्या किंवा मुलीच्या खिशावर तेव्हा काही नव्हते, आजही नसेल. हे वाचून तिघांनीही घरी जावे.

ती वही मुलीने, एकटीने, न उघडता जाळावी. बाळा, तू माप घेतेस, तुला पहिल्या पानावरच कळेल, म्हणून तुलाच सांगतो आहे. तू ती उघडलीस की नाही, हे मला कधीच कळणार नाही. तू पुढे केलेल्या कागदावर मी पुन्हा एकदा न वाचता सही करतो आहे, असे समज.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, दोनदा वाचला, एकदा मोठ्याने वाचून साक्षीदारांना ऐकवला. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

स्थळ : दुकान, कापायचे टेबल
दिनांक : २१ ऑक्टोबर, शाळा उघडायला नऊ दिवस

सही : शिंपी

साक्षीदार १ : इस्त्रीवाली मावशी (अंगठा नव्हे, सही. या वर्षीच शिकल्या.)
साक्षीदार २ : समोरचे औषधवाले