तिसऱ्या भागातली घाई

बरो पार्क, ब्रुकलिन
बुधवार, २४ हेश्वान

चिरंजीव गेत्झल यास सासऱ्याचे आशीर्वाद. मी बरा आहे, गुडघे सोडून. तुमचं गाणंबजावणं नीट चाललं असेल.

हे पत्र एकटा असताना वाच. फोन केला असता, पण तुझा फोन गाडीत सगळ्यांसमोर मोठ्याने बोलतो आणि ब्रायना शेजारीच बसलेली असते. तिला आत्ताच दाखवू नकोस. आधी पूर्ण वाच. मी फारसा शिकलेला नाही, आयुष्यभर मासे कापले, तेव्हा मागचं पुढं झालं तर सांभाळून घे.

इथे थंडी पडली. वरच्या मजल्यावरचा नळ पुन्हा गळतो. तुझा मेहुणा मोटेल रोज येतो, सूप आणतो, खारट असतं. दफन मंडळाचा माणूस दोनदा येऊन गेला. "पिन्येकाका, सुतकात बसायची स्टुलं दिली होती, त्यात एक कमी भरतंय." मी म्हणालो, तुझीच मोजणी चुकली.

आता कळलं असेल तुला. माझी फ्रिमेट गेली. तुम्ही निघालात तेव्हाचा तो खोकला, तोच छातीत उतरला. दवाखान्यात दोन दिवस. मी म्हणालो, ब्रायनाला बोलावतो. तर म्हणाली, "खबरदार! कार्यक्रम टाकून धावत येईल वेडी." या हेश्वान महिन्याच्या पहिल्या दिवशी पुरलं.

ब्रायनाला कळवू नये हे मोटेलने ठरवलं. परपुरुषांसमोर गाते म्हणून तो बहिणीचं नाव घेत नाही, पण यावेळी घेतलं. म्हणाला, "बाबा, आपल्या ज्यूंचा जुना रिवाज आहे. आई गेल्याचं मुलग्यांना सांगायचं, त्यांना प्रार्थना म्हणायची असते. मुलीला नाही सांगितलं तरी चालतं. समजलं तर वर्षभर गाणं बंद. मग त्यांनी खायचं काय? तीस दिवस उलटू दे, मग सांग. तेव्हा सात दिवस बसावं लागत नाही, एक तास पुरतो."

मला पटलं. शिकागोचा रविवारचा कार्यक्रम, त्याची तबकडी निघणार, तू बाकीचं काम सोडून यात पडलास, ती ऑर्गनवाली डेलोरिससुद्धा तिच्या चर्चमधली नोकरी सोडून आली. हे सगळं एका वाक्यात मोडायचं कसं? तुमच्या भल्यासाठीच गप्प बसलो असं मी स्वतःला सांगत होतो.

पण ब्रायना दर शुक्रवारी दिवे लावायच्या आधी फोन करते ना. पहिल्या शुक्रवारी सांगितलं, आई न्हायला गेली. पुढच्या शुक्रवारी सांगितलं, मैदा आणायला शेजारी गेली. फोन ठेवला की बराच वेळ दाराकडे बघत बसायचो. मैदा आणायला गेलेली बाई परत येते ना, तशी.

गेत्झल, सगळ्या जगात एका ब्रायनाजवळच ती अजून जिवंत आहे. तेवढं मला सोडवेना. तुमचा कार्यक्रम वगैरे त्यानंतर.

आता खरी अडचण ऐक. दवाखान्यात फ्रिमेट तुमचं गाणं ऐकत होती, तेच, तिच्या वडिलांची ती बिनशब्दांची चाल. शनिवारी अंधार पडताना ते शब्बाथच्या शेवटच्या जेवणाला ती म्हणायचे, हिने स्वयंपाकघराच्या दाराआडून उचलली. डेलोरिस ऑर्गन दाबते तिथे मी पुन्हा फ्रिमेटच्या वडिलांच्या टेबलाशी जाऊन बसतो. फ्रिमेटलाही आवडलं. पण म्हणाली, "तिसऱ्या भागात घाई करते कार्टी. वर चढायच्या आधी थांबायचं असतं. माझे वडील तिथे रडायचे म्हणून थांबायचे. ही तिथून रिकाम्या घरातून पोर पळावं तशी पळते. सांग तिला."

सांग तिला, म्हणाली. नंतर बोलली नाही.

गेल्या शुक्रवारी मला राहवेना. फोनवर म्हणालो, आई म्हणते तू तिसऱ्या भागात घाई करतेस.

ब्रायना हसली. "असं का? मग बाईसाहेबांनाच द्या फोन. गाऊन दाखवू दे."

"झोपली आहे."

"शुक्रवारी दुपारी? बाबा, मग मासे कोण शिजवतंय?"

मी चुलीकडे पाहिलं. चुलीवर काहीच नव्हतं. मग तिने हळूच ती चाल धरली. तिसऱ्या भागाशी आली आणि थांबली. थांबलीच. पुढे गेलीच नाही. "शुभ शब्बाथ, बाबा," म्हणाली आणि फोन ठेवला.

तिला कळलं का? मोटेल म्हणतो, उगाच शंका घेता. तिला कळलं असेल आणि माझ्यासाठी ती गप्प असेल तर? आणि नसेल कळलं, तर रविवारी हजार माणसांसमोर तिथून पळत जाईल, ते कायमचं तबकडीत राहील. मग मंगळवारी तीस दिवस पुरे होतील. तिच्या आईला एक तास! माझ्या दुकानात कार्प मासा कापून मिळायलाही लोक त्याहून जास्त थांबायचे.

म्हणून गेत्झल, मी मोटेलला न विचारता ठरवलं. कार्यक्रम मोडेल. डेलोरिसची माफी माग, माझ्या वतीने. तू मला शिव्या घाल, त्या मला लागू आहेत. ब्रायनाच्या अंगावर आईने शिवलेला निळा झगा असेल तर आधी बदलायला लाव. काहीही कारण सांग. आई गेली की अंगावरचा कपडा डाव्या बाजूला फाडावा लागतो, तो झगा फाटायला नको.

आणि मग खालचा मजकूर तिच्या हातात दे.

ब्रायना, बाळ, आई झोपलेली नाही. सुतकात आरसे झाकले होते, तुझ्या खोलीतल्या आरशावरची चादर मी अजून काढलेली नाही. एक स्टूल न्हाणीघरात लपवून ठेवलं आहे, तुझ्यासाठी. ये. तुझे आजोबा रडण्यासाठी थांबायचे, तशी थांब.

तुझा खोटारडा बाप,
पिन्ये