खिडकीतली ओळ

मंगळवार, ९ सप्टेंबर
शाळा सुटल्यावर, वर्गातूनच

प्रिय धाकट्या,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. हे पत्र तुला वाचून दाखवणाऱ्या आपल्या पोरीला एक जास्तीचा, कारण आज तिला काम जरा जड आहे.

इकडे बरं आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा पायऱ्या चढताना कुरकुरतो. ती स्वतः कुरकुरत नाही, त्यासाठी घरात मी आहे. तुझ्या सुतारकामाला हात पुरत नाहीत असं कळलं. देवाची कृपा.

तू पाठवलेल्या लाकडी पट्ट्या मिळाल्या. पंचवीसच्या पंचवीस, कुठे कुसळ नाही. मधोमध एवढी एकसारखी फट कशाला, उंदीर मोजायचेत का, असं तू फोनवर विचारलंस आणि मी हसून विषय बदलला. आता सांगतो. ती पट्टी पुस्तकाच्या पानावर ठेवली की फटीतून एकच ओळ दिसते, बाकीचं पान झाकलं जातं. अडखळत वाचणाऱ्या मुलाला अख्खं पान अंगावर येतं, एका ओळीची भीती वाटत नाही. मुलं तिला खिडकी म्हणतात.

माझ्या तिसरीच्या वर्गात चौतीस मुलं, पहिलीपासून माझ्याकडेच. कुणी वर्तमानपत्र वाचतं, कुणाला स्वतःच्या नावापलीकडे काही ओळखता येत नाही. सगळ्यांना एकच धडा एकाच वेगाने शिकवला, तर निम्मी कंटाळतात आणि निम्मी बुडतात. म्हणून मी तीन सतरंज्यांवर तीन गट केलेत. एकच गोष्ट तीन प्रकारे लिहून देतो: मोठी, मधली आणि चार ओळींची. शिवाय जोड्या लावतो. चांगलं वाचणाऱ्याशेजारी न वाचणारा. मोठ्या बाई नव्या शिक्षकांना माझा वर्ग बघायला पाठवतात. तुझ्या दादाला थोडी शिंगं फुटली होती म्हण.

वर्गातली सगळ्यात चांगली वाचणारी मुलगी म्हणजे घंटी. आवाज खणखणीत म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. तिच्या जोडीला मी सावलीला बसवलं होतं. सावली म्हणजे तोंडातून शब्द न काढणारी, कायम कुणाच्या तरी मागे उभी असणारी. वाचायला सांगितलं की ओठ थरथरायचे आणि पुढे काही नाही. दोन वर्षं माझ्या वहीत तिच्या नावापुढे ‘वाचता येत नाही’ असंच लिहिलेलं आहे.

गेल्या गुरुवारी दोन नवे शिक्षक मागे बसले होते. खिडकी कशी वापरायची ते दाखवायला मी घंटीलाच पुढे बोलावलं. पट्टी पानाच्या मध्यावर ठेवली आणि म्हटलं, इथून वाच. तिने छान थांबे घेत, सुरात वाचलं. पण वाचली ती धड्याची पहिली ओळ. मला वाटलं, खोडी काढतेय. पट्टी खाली सरकवली. तिने धड्याची दुसरी ओळ म्हटली.

मला कळलं, धाकट्या. त्याच क्षणी कळलं. मागे एक पोरगा हसला, मग सगळा वर्ग हसला. आणि मी काय केलं असेल? मी पट्टी तिसऱ्यांदा सरकवली.

तेव्हा शेवटच्या सतरंजीवरून सावली उठली. आख्खं वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

“सर, ती नाही वाचत. मी वाचते, ती बोलते.”

मधल्या सुट्टीत सावली पुस्तकात बघून हळू आवाजात सांगायची आणि घंटी एकदा ऐकून पाठ करायची. सावलीसमोर मी कुठलीही ओळ ठेवली, ती तिने अडखळत, पण बरोबर वाचली. म्हणजे जोडीतली वाचणारी कोण आणि न वाचणारी कोण, हे दोन वर्षं मला उलटंच दिसत होतं. मी कान ठेवून वाचन तपासत होतो. डोळे कुठे आहेत ते बघितलंच नाही.

घंटीने पुस्तक मिटलं, दोन्ही हातांनी माझ्या टेबलावर ठेवलं आणि जागेवर जाऊन बसली. शुक्रवारपासून ती शाळेत आलेली नाही. काल तिच्या घरी गेलो. आई म्हणाली, पोटात दुखतंय. दाराच्या फटीतून मला तिचा पाय दिसला. मी तसाच उभा राहिलो आणि तसाच परत आलो.

पुस्तक दोन्ही हातांनी टेबलावर ठेवणं मी आधी एकदाच पाहिलं होतं.

पोरी, इथे थांबू नकोस. घसा साफ कर आणि पुढचं मोठ्याने वाच.

धाकट्या, आपली शाळा एका खोलीची. तू तिसरीच्या रांगेत, मी चौथीच्या. तुला अक्षरं लागत नव्हती. घरी मी तुझे धडे वाचायचो आणि तू एका ऐकण्यात उचलायचास. हे दोघांनाच ठाऊक होतं. एकदा मास्तर सगळ्यांसमोर मला म्हणाले, “थोरल्या, वाचावं कसं ते धाकट्याकडून शीक.” माझ्याच तोंडचा धडा, आणि मीच शिकायचा.

दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले. तुला उभं केलं. पुस्तक मी उघडून तुझ्या हातात दिलं. तू नदीचा धडा सुरेख म्हटलास. साहेबांनी पुस्तक घेऊन वर्गाकडे फिरवलं, तर पानावर बाजाराचं चित्र. सगळे हसले. मीही हसलो. तू ते पुस्तक दोन्ही हातांनी मास्तरांच्या टेबलावर ठेवलंस आणि पुन्हा शाळेत आला नाहीस.

आईला तू सांगितलंस की वाऱ्याने पान उलटलं. मी मान हलवली. आजवर तू येईल त्या पाहुण्याला सांगतोस की दादाने मला शिकवायला जिवाचं रान केलं, मेल्या वाऱ्याने घात केला. दर वेळी मी समोर बसून खाली बघतो. रोज देवापुढे हात जोडतो, तेव्हाही हे सोडून बाकी सगळं सांगतो.

फोनवर सांगायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तुझ्या करवतीची चौकशी करून फोन ठेवला. आणि तुझी फजिती चारचौघांत केली होती, मग कबुली तेवढी गुपचूप कशी देऊ? म्हणून हे पत्र, तुझ्या लेकीच्या तोंडून. सगळ्या घराला ऐकू दे.

मला क्षमा कर असं लिहिण्याइतका मी अजून धीट नाही. एकच विचारतो. रविवारी मी पुन्हा घंटीच्या दारात जाणार आहे. वाचन कसं शिकवावं यावर मी लोकांना चार गोष्टी सांगतो, पण त्या दारात काय बोलायचं ते मला ठाऊक नाही. तुला असेल. त्या दिवशी कुणी घरी येऊन काय म्हटलं असतं, तर तू दुसऱ्या दिवशी शाळेत आला असतास?

रविवारच्या आत फोन कर. शिव्या द्यायच्या असतील तर आधी त्या दे, मी ऐकून घेईन. मग एवढं सांग.

त्या दिवशी वारा नव्हता रे.

तुझा,
दादा