आयुधपूजेच्या उरलेल्या पुड्या

बंगळूर, आयुधपूजेची म्हणजे खंडेनवमीची संध्याकाळ

मुरमुऱ्यांच्या पुड्या टेबलावर तशाच पडल्यात. दरवर्षी आमचे पाण्याचे फिल्टर विकणारे दुकानदार वर्कशॉपच्या पूजेला येतात आणि दृष्टीचा कोहळा फुटला की प्रसादाची पुडी घेऊन जातात. आज कोणी फिरकलं नाही.

कारण मला ठाऊक आहे. फिल्टर बनवणाऱ्या एका बड्या कंपनीने आमच्यावर पेटंटचा दावा लावला, म्हणे आमचे फिल्टर तिच्या फिल्टरची नक्कल. आम्ही उलट स्पर्धा आयोगाकडे गेलो, की पेटंटच्या नावाखाली ही बाजारात दुसऱ्या कुणाला टिकूच देत नाही. साक्षीला हेच दुकानदार तयार होते. "सरी अण्णा, ठीक आहे, आम्ही आहोत," म्हणाले होते. आता कंपनीला घाबरले, भित्रट मेले! पण त्यांच्या जागी मी तरी काय केलं असतं?

अंधार पडताना बनशंकरीच्या दुकानवाल्या सुमाअक्का आल्या, एकट्याच. चपलाही काढल्या नाहीत. "त्यांचीही फिल्टर-मशीन मी विकते ना. साक्ष दिली तर ती देणं बंद, असं कंपनीचा माणूस सांगून गेला. तुझी तक्रार खरी आहे रे. पण माझं नाव घालू नकोस."

म्हणजे हाच तर पुरावा! याहून मोठा कोणता हवा? आणि आयोगासमोर तो सांगणार कोण?

निघताना मी बळेच त्यांच्या हातात पुडी दिली. आत्ता फाटक लावायला गेलो, तर ती खांबावर ठेवलेली. प्रसाद आहे, फेकवला नसेल. घरी नेला असता, तर कुणाकडचा ते सांगावं लागलं असतं.