डब्यातले शेवट

९ जुलै

पुस्तक एक, डोकी दोन. ताई डावीकडे, मी उजवीकडे. जिन्याची वरची पायरी, कारण तिथे उजेड चांगला यायचा. ताईचं पान नेहमी आधी संपायचं. मी कॉन्व्हेंटची, माझं मराठी वाचन म्हणजे बैलगाडी! पानाच्या कोपऱ्याखाली बोट सरकवून ती विचारायची, "झालं?" मी म्हणायची, "थांब ना गं." आणि ती थांबायची. माझ्याआधी तिने एकदाही पान उलटलं नाही.

आज ट्रंकेत तेच पुस्तक सापडलं. 'सराफगढीची किंकाळी'. मुखपृष्ठावर हिरव्या चेहऱ्याची बाई, हातात कंदील. कागद बिस्किटासारखा मोडतो आहे. धोंडप्पांची लायब्ररी बंद झाली तेव्हा वडिलांनी रद्दीच्या भावाने गठ्ठा आणला होता, त्यातलं हे. वास मात्र तोच, गोंदाचा आणि वाळवीच्या औषधाचा.

शेवट नाही. नसणारच! धोंडप्पांच्या एकाही रहस्यकथेला शेवट नसायचा. लोक पुस्तकं परत करेनात, म्हणून ते नवीन पुस्तकाचा शेवटचा सोळा पानी फर्मा, म्हणजे शिवलेला पानांचा जुडगा, उसवून एका पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. पुस्तक परत केलं की डब्यातून शेवट मिळायचा. तिथेच ओट्यावर उभं राहून वाचायचा आणि देऊन टाकायचा. अख्खं नांदेड तसंच वाचायचं.

पुस्तक परत करायला ताई जायची. लहान म्हणून मला बंदी. मी दारात वाट बघत बसायची. ती आली की आम्ही शेंगा फोडायला बसायचो आणि ती मला शेवट सांगायची. काय सांगायची! अजून काटा येतो.

ताईला एप्रिलपासून अर्धांगाचे दोन झटके आले. उजवी बाजू गेली, शब्द गेले. डॉक्टर तिसऱ्याचं बोलतात. मला एवढंच करायचं आहे: हे पुस्तक मोठ्या टाइपात, शेवटासकट पुन्हा छापायचं. तिला ऐकू येतं आहे, समजतं आहे, तोवर.

१२ जुलै

व्यंकटीच्या डीटीपीच्या दुकानात गेले. त्याच्या भिंतीवर लग्नपत्रिकाच पत्रिका. पुस्तक उलटंपालटं करून म्हणाला, "मॅडम, ही बाई हिरवी का हाय? पित्त झालंय का तिला?" मग हळूच, "कोन वाचून राहिलं हो आता हे?"

मी म्हटलं, एक बाई आहे.

"एका बाईसाठी पुस्तक? लग्नाचा अल्बम असतो तसा?"

हसले. पण बाहेर आल्यावर वाटलं, बरोबरच बोलला तो.

२० जुलै

पुण्याच्या प्रकाशकाचा फोन. फार गोड बोलत होते. "काकू, भयकथा आता लोक कानाने ऐकतात. आणि तुमच्याकडे शेवटच नाही म्हणता!"

४ ऑगस्ट

लातूर. ताईकडे येताना एसटीत झोप लागली नाही.

ताई खिडकीपाशी. केस कुणीतरी बारीक कापलेत, तिच्या मुलाने, आलोकनेच असतील. तिने ओळखलं. नाव नाही आलं, पण डाव्या हाताने माझा पदर धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. सगळ्याला एकच शब्द, "न्हाई." पाणी हवंय तरी न्हाई, नकोय तरी न्हाई. आलोकला आता सुरावरून कळतं.

मी पुस्तक दाखवलं. हिरव्या बाईकडे बघून ताई हसली! अर्ध्याच तोंडाने, पण हसली. मग मी पहिलं प्रकरण वाचलं: चंद्रलेखाचं लग्न ठरतं, त्याच अमावस्येला गढीच्या तळघरातून किंकाळ्या सुरू होतात, आणि डिटेक्टिव्ह कंधारकर टांग्यातून उतरतात. ताईचा हात पुस्तकावर. पान संपलं की मी थांबायची. तिने मान हलवली की उलटायची. आमच्या जागा बदलल्यात, एवढंच.

आलोक जेवताना म्हणाला, "मावशी, कशाला एवढी धावाधाव? मी स्कॅन करून पीडीएफ करून देतो की."

पीडीएफच्या कोपऱ्याखाली बोट कसं घालायचं, ते नाही विचारलं. दमलेला असतो बिचारा. दिवसभर क्लासची पोरं, संध्याकाळी आईचं अंथरूण.

१८ ऑगस्ट

भोकरला लेखकाच्या नातवाकडे जाऊन आले. अंबरीश. खताचं दुकान आहे. आजोबांचं नाव काढल्यावर म्हणाला, "पोस्टात होते. भुताचं लिहायचे म्हणून आज्जी त्यांना देवघरात येऊ देत नव्हती." परवानगी लगेच लिहून दिली. घरात त्यांचं एकही पुस्तक नाही. "आईनं बंबात घातली असतील. तुम्ही छापा, मावशी. निदान नाव राहील." निघताना मात्र म्हणाला, "पण शेवट जुळवू नका हां आपल्या मनानं. आजोबांचाच टाका."

कबूल केलं.

२ सप्टेंबर

शेवट असलेल्या प्रतीचा पुन्हा शोध. औरंगाबादला नाही, हैदराबादच्या ग्रंथालयात नाही. नांदेडात जी प्रत सापडते ती धोंडप्पांचीच. बाकीच्या वाळवीने खाल्ल्या. एका माणसाने पुस्तकं चोरीला जाऊ नयेत म्हणून युक्ती केली आणि सगळ्या गोष्टींचे पाय तोडून ठेवले.

सोडून द्यावं का?

२४ सप्टेंबर

देगलूर. डबा आहे!!

धोंडप्पांची नात शिवगंगा तिथे दिली आहे. बांगड्यांचं दुकान. फळीवर चढून तिने स्वतः डबा काढला. तेलाचा पत्र्याचा डबा, वर झाकण, आत दोऱ्याने बांधलेले फर्मे. "आमच्या अज्जांची आठवण म्हणून ठेवलंय बघा. रद्दीवाला बी घेईना. म्हणाला, पुस्तकाचं शेपूट घेऊन मी काय करू?"

'सराफगढी' तिसराच निघाला. बोलता बोलता मी म्हटलं, माझी ताई यायची तुमच्याकडे. ओट्यावर उभी राहून हेच वाचायची.

शिवगंगा हसायला लागली. "ओट्यावर? न्हाई हो मावशी. बायांना अज्जा ओट्यावर उभं राहू देत नव्हते. तिथं गडी उभे असायचे बिड्या फुकत. बायांचं सगळं मागच्या खिडकीतनं. पुस्तक द्यायचं, दुसरं घ्यायचं, चाललं."

"मग बायका शेवट कुठे वाचायच्या?"

"कुठं वाचतेत? न्हाईच वाचायच्या. माझी अव्वा, म्हंजे आई, सांगायची, अर्ध्या गावच्या बायांला खुनी कोन ते ठावंच न्हाई."

फर्मा तिने मला देऊनच टाकला. चहाही दिला होता. प्यायचा राहून गेला.

२५ सप्टेंबर

वाचला.

काकाने मालमत्तेसाठी खून केलेला. चंद्रलेखा दुसऱ्या प्रकरणातच मेलेली असते, तळघराच्या पायरीखाली पुरलेली. किंकाळ्या काकाच्या नोकराच्या. कंधारकर उभे राहून पानंच्या पानं खुलासा करतात, काकाला बेड्या, आणि शेवटी पुढच्या पुस्तकाची जाहिरात.

पण ताईने सांगितलं होतं की चंद्रलेखा मरत नाही! तिला ते लग्न नको असतं. तळघरात जाऊन तीच ओरडते, भुताटकीचं घर म्हणून सोयरीक मोडावी यासाठी. मग पहाटे स्टेशनवर जाते. कंधारकर तिला तिथे गाठतात, तिकीट काढून हैदराबादच्या गाडीत बसवतात आणि अहवालात लिहितात, 'भूत सापडले नाही.'

हे वाक्य मी आयुष्यभर मनात बाळगलं. मुलींना इंग्रजी शिकवताना उत्तम शेवट कसा असतो ते सांगायची, तेव्हा माझ्या डोक्यात हे असायचं. लेखकाचं समजून.

बाकीचेही आठवून बघितले. मोत्यांच्या माळेचा, विहिरीतल्या हाताचा, आंधळ्या सतारवाल्याचा. ताईच्या प्रत्येक शेवटात कुणीतरी मुलगी गाडीत बसते. प्रत्येक! इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नाही.

लायब्ररी ते घर, एवढंच अंतर होतं तिच्याकडे. तेवढ्यात रचायची.

मला कॉन्व्हेंट, तिला कन्याशाळा. वडील म्हणायचे, विशाखाचं तर लग्नच करायचंय. मॅट्रिकच्या निकालाआधी तिचं लातूर ठरलं. वऱ्हाड एसटीने गेलं.

२८ सप्टेंबर

विचारू का तिला? आणि विचारलं तर कोणत्या शब्दांत सांगेल ती?

६ ऑक्टोबर

लातूर. ताईला छापलेला शेवट वाचून दाखवला. काका, मालमत्ता, बेड्या. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. "न्हाई." या वेळी सूर ओळखायला आलोक लागला नाही.

मी फर्मा खाली ठेवला. तिच्या खाटेवर बसले, शेंगा फोडायला बसायचो तशी मांडी घालून, आणि तिचाच शेवट तिला सांगितला. तळघर. पहाट. स्टेशन. ताई वळली. डोळे माझ्या तोंडावर. मी म्हटलं, "कंधारकरांनी तिकीट काढलं आणि..."

"न्हाई."

"काढलं की गं. तूच सांगितलं होतंस."

डावा हात जोरात हलवला. कपाळावर शीर आली. ओठ जुळवत राहिली, किती वेळ! आलोक पाणी घेऊन धावत आला. आणि मग आलं.

"तिनं."

"चंद्रलेखानं? स्वतःचं तिकीट स्वतः काढलं?"

मान. हो, हो, हो.

मी चुकीचं लक्षात ठेवलं होतं, की ताईने आज, या खाटेवर, शेवट बदलला? देव जाणे. आलोक म्हणाला, "मावशी, सहा महिन्यांत आईचा दुसरा शब्द हा." मग स्वयंपाकघरात निघून गेला.

१६ ऑक्टोबर

व्यंकटीने पुस्तक टाइप करून पानं लावलीत. दुकानदारांना विचारून आला: एकानेही प्रत मागितली नाही. "मॅडम, दिवाळी अंकच जागचे हलेना झालेत." आणि मला कळत नाही की शेवट कोणता छापू. अंबरीशला दिलेला शब्द आहे. ताईची मान आहे.

४ नोव्हेंबर

तिसरा झटका. भाऊबिजेचं ताट तसंच ठेवून आलोक तिला घेऊन गेला. फोनवर म्हणाला, "श्वास चालू आहे. पण डॉक्टर म्हणतात, आता शब्द पोचत नाहीत."

११ नोव्हेंबर

जाऊन आले. डोळे उघडे होते. मी त्यांत नव्हते. पुस्तक तिच्या हाताखाली ठेवून बघितलं. हात तसाच राहिला, ठेवला तसा. मी पानाशी थांबले. फार वेळ थांबले.

आता हे कुणासाठी?

१४ नोव्हेंबर

व्यंकटीला सांगायचं ते आधी इथे लिहून ठेवते. समोर गेले की रडू येतं.

पुस्तक छापायचं नाही. फक्त शेवटचा सोळा पानी फर्मा छापायचा, ताईचा, मी लिहून काढलाय तो. तिकीट चंद्रलेखाच काढते. अंबरीशला दिलेला शब्द मोडत नाही. यावर त्याच्या आजोबांचं नाव नाही. वर लिहायचं: विशाखा.

एक शिवगंगाला. डब्यात बाकीच्यांबरोबर ठेवावा.

एक अंबरीशला, सोबत आजोबांचा मूळ फर्मा आणि माझी जुनी प्रत. आता त्यांचं पुस्तक पुरं झालं, घरी जाऊ दे.

एक आलोकला. घाई नाही. क्लासला सुट्टी लागली की वाचेल.

एक व्यंकटीला. मुखपृष्ठासाठी स्कॅन केलेली हिरवी बाई हवी असेल तर तीही ठेवून घे म्हणावं.

उरलेले शिवगंगाच्या दुकानात, बांगड्यांच्या फळीवर. बांगड्या भरायला येणाऱ्या बायकांना द्यायचे. घरी नेऊ द्यायचे, परत मागायचे नाहीत.

पहिला ताईच्या उशाशी. कुणी वाचून दाखवू नये. तिला शेवट माहीत आहे.