तीनशे बारा टिपा

मंगळवार, ५ फेब्रुवारी

डोकं फुटायची वेळ आलीय! आमची टेलिफोन सहकारी संस्था ती केवढी — उत्तर मिनेसोटातली सहा गावं — आणि फोनच्या लाइनी जोडणारी खोकी तीन कंपन्यांची. एक खोकं पोर्ट, म्हणजे लाइन जोडायच्या जागा, शून्यापासून मोजतं, दुसरं एकपासून. एकाच्या लेखी ‘बंद’ म्हणजे बिघडलं, दुसऱ्याच्या लेखी आपणच मुद्दाम बंद केलं. चार महिने सगळ्यांना एका साच्यात बसवतेय, म्हणजे कुठल्याही खोक्याची खबर पडद्यावर एकाच भाषेत दिसेल.

आणि ऑर्विल! एकतीस वर्षं यानेच ही खोकी सांभाळली. पंधरा तारखेला निवृत्त होतोय, पण जाता जाता माझं डोकं खाऊन जाणार. ‘‘पोरी, माझ्या टिपा कुठे बसणार?’’ पोर्टापोर्टाला काहीबाही लिहून ठेवलंय. सांगितलं — मोकळा मजकूर मोजता येत नाही, साच्यात जागा नाही.

‘‘मग साचा तोकडा आहे,’’ म्हणे.

गुरुवार, ७

टिपा उडवल्या. ३१२! जुन्या बॅकअप प्रतीही नव्या साच्यात बसवून घेतल्या, म्हणजे तिथूनही टिपा गेल्या. कचरा गेला. ऑर्विल म्हणाला, ‘‘त्या चौदा नंबरच्या पोर्टचं तेवढं—’’ मी हातच जोडले. पुरे! मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

शुक्रवार, ८

बाहेर वजा एकतीस अंश. गाडी सुरू होईना.

रविवार, १०

गाव चर्चमध्ये असतं तेव्हाच आम्ही कामासाठी लाइनी बंद करतो, नऊ ते अकरा. आज सगळी खोकी नव्या साच्यावर एकटीने आणली. ऑर्विल ऐन वेळी गायब! मॅनेजर ड्वेन म्हणाला, ‘‘चर्चला गेला असेल.’’ ऑर्विल? आणि चर्चला? असला संताप आला! पण अकराला पडदा हिरवागार, सगळ्या लाइनी चालू. रडूच फुटलं.

सोमवार, ११

गावातली इर्मा हॉल्वर्सन ऑफिसात आली, लेमन बारचा, लिंबाच्या गोड वड्यांचा डबा घेऊन. ‘‘ऑर्विलला द्या हं. काल लाइन बंद होती ना, दोन तास आमच्या कार्लच्या श्वासाच्या मशीनपाशी बसून होता. मशीन अडलं तर दवाखान्याला त्याच लाइनवरून कळतं. दरवेळी आधी तुमचा फोन यायचा, या वेळी तो स्वतःच आला.’’

पोर्ट चौदा. त्या टिपेत इर्माचा नंबर होता.

मंगळवार, १२

ऑर्विलसमोर कोरी वही घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत ३१२ पैकी एकोणचाळीस आठवल्या.